दारावरचं कार्ड आणि त्यावरची तारीख

मी वॉर्डात पाऊल टाकलं की सगळ्यांना एकदम हात धुवायची आठवण होते. इंटर्न स्टर्लियमच्या, म्हणजे हात चोळायच्या अल्कोहोलच्या हँडरबच्या, बाटलीचा पंप दाबतात, स्टाफ सिस्टर मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकते, मावशी पिळलेला मॉप बादलीत बुडवून परत एकदा पिळते. मला कळतं, आणि मला कळलंय हे त्यांनाही कळतं. माझ्या ओळखपत्रावर 'संसर्ग नियंत्रण परिचारिका' असं लांबलचक पद आहे, वॉर्डात मात्र 'आली पोलिसीण' एवढंच. माझी हरकत नाही. खरी पाहणी मी दुपारच्या जेवणानंतर करते, चादरींच्या कपाटाशी काहीतरी मोजत असल्याचा आव आणून. तेव्हा कोण काय करतं ते दिसतं.

मी मूळची डिचोलीची. नोकरी गोव्यातल्या एका मोठ्या इस्पितळात. कुठलं ते लिहीत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर आहे आणि मला पेन्शनही हवी आहे. आमच्याकडे सत्तरी, पेडणे, सांगे, केपे इथून माणसं येतात, आणि हद्दीपलीकडून दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीचीही. वॉर्डात बोलणं कोंकणीत, रजिस्टर इंग्रजीत, आणि हा ब्लॉग मराठीत, असा आमचा कारभार.

गेल्या पावसाळ्यात वाळपईकडच्या एका माणसाने कॉरिडॉरमध्ये मला गाठलं. त्याच्या आईला आदल्या दिवशी जनरल वॉर्डातून कोपऱ्यातल्या खोलीत हलवलं होतं आणि दारावर गुलाबी कार्ड लागलं होतं. तो चिडलेला नव्हता, ओशाळलेला होता. हळू आवाजात म्हणाला, "सिस्टर, माझ्या आईला वाळीत टाकलीत काय?"

त्याला तिथल्या तिथे उत्तर दिलं, पण ते पुरेसं नव्हतं. कॉरिडॉरमध्ये मागून स्ट्रेचर येत असताना किती सांगणार? म्हणून हे सविस्तर.

वाळीत टाकतात ते माणसाला. आम्ही अडवतो ती जंतूची वाट. प्रत्येक जंतूची एकाकडून दुसऱ्याकडे जायची वाट ठरलेली असते, आणि दारावरचं कार्ड एवढंच सांगतं की या खोलीतल्या जंतूची वाट कुठली. आमच्याकडे तीन रंग आहेत. गुलाबी म्हणजे स्पर्शाची वाट, हिरवा म्हणजे खोकल्या-शिंकेच्या थेंबांची, निळा म्हणजे हवेची. रंग प्रत्येक इस्पितळात वेगळे असतील, वाटा त्याच. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने १९७० साली इस्पितळांसाठी पहिली पुस्तिका काढली तेव्हा सात प्रकार होते आणि सात रंगांची कार्डं. सात प्रकार लक्षात ठेवणं कुठल्या नाईट ड्युटीवाल्या सिस्टरला जमणार? १९९६ मध्ये त्यांनी ते आवरून आजची पद्धत आणली: सगळ्या रुग्णांसाठी सगळा वेळ पाळायची एक मूळ काळजी, आणि गरज असेल तिथे वर या तीन वाटांपैकी एखादी, कधी दोन. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जानेवारी २०२० मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनाही याच पायावर आहेत. आणि पुढच्या दोनच महिन्यांत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

आधी निळं कार्ड, कारण लोक सर्वात जास्त भितात ते त्याला आणि सर्वात कमी समजून घेतात तेही त्यालाच. हवेतून जाणारे मोजकेच: फुप्फुसाचा टीबी, गोवर, कांजिण्या. हे कण इतके बारीक असतात की खाली पडत नाहीत, तरंगत राहतात. शेजारच्या घरात खारे बांगडे भाजले की आपण खिडकीत नसलो तरी कळतं ना, तसं. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही त्याचा विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. म्हणजे 'मी लांब उभा होतो' याला इथे अर्थ नाही.

यासाठी पुस्तकात सांगितलेली खोली असते तिला निगेटिव्ह प्रेशरची खोली म्हणतात. आतली हवा पंख्याने सतत बाहेर, वर, माणसं नसतील तिथे सोडायची, तासाला बारा वेळा सगळी हवा बदलायची. त्यामुळे दार उघडलं की कॉरिडॉरची हवा आत जाते, आतली बाहेर येत नाही. ती चालते की नाही हे बघायला मी यंत्र वापरत नाही. बंद दाराच्या खालच्या फटीशी टिश्यू पेपरची पट्टी धरते. पट्टी आत ओढली गेली तर ठीक. बाहेरच्या बाजूला फडफडली तर इंजिनिअरिंगला फोन. एकदा ती जागची हललीच नाही, तेव्हा कळलं की कुणीतरी पंख्याचा आवाज होतो म्हणून तो बंद करून ठेवला होता.

अशा खोल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मग काय करायचं? खिडकी उघडायची. हे ऐकून नवीन डॉक्टर हसतात. २००७ मध्ये पेरू देशातल्या लिमा शहरातल्या इस्पितळांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दारं-खिडक्या उघड्या ठेवलेल्या खोल्यांत हवा तासाला साधारण २८ वेळा बदलत होती, यंत्राच्या वायुवीजनाच्या खोल्यांत १२ वेळा. आणि त्यातही उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती नव्या इमारतींपेक्षा सरस निघाल्या. पणजीत मांडवीच्या काठावर जुन्या गोवा मेडिकल कॉलेजची इमारत आहे, जिथे आता नोव्हेंबरात इफ्फीची गर्दी असते. तिच्या खिडक्या बघाव्यात. १८४२ मध्ये पोर्तुगीजांनी पणजीत वैद्यकीय शाळा काढली तेव्हा क्षयाचा जंतू सापडायला अजून चाळीस वर्षं होती, जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉखने तो १८८२ मध्ये दाखवला. पण मोकळी हवा चांगली हे त्या काळच्या बांधणाऱ्यांना ठाऊक होतं.

आता अडचण आपल्याकडची. जून ते सप्टेंबर खिडकी उघडी ठेवली तर पाऊस सरळ बेडवर येतो, संध्याकाळी डास. नातेवाईक बंद करतात, आणि त्यांना दोष कसा देणार? एप्रिल-मेमध्ये कुणीतरी ओळख काढून एसीची खोली मिळवतं. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आणत नाही, आतलीच गार करून परत फिरवतो. खोकणाऱ्या टीबीच्या रुग्णाला एसीच्या बंद खोलीत ठेवणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मी तिथे जाऊन रिमोट काढून घेते. त्यावरून मला खूप बोलणी खावी लागली आहेत, एकदा तर एका आमदाराच्या पीएची.

मास्कचा घोळ तर कोविडनंतर वाढलाच. घरचे लोक चांगला महागातला एन-९५ आणतात आणि तो रुग्णाच्या तोंडाला बांधतात, स्वतः साधा निळा लावतात किंवा लावतच नाहीत. एन-९५ आत घेतल्या जाणाऱ्या हवेसाठी आहे, म्हणून तो आत जाणाऱ्या माणसाने लावायचा. रुग्णाने लावायचा तो साधा सर्जिकल मास्क, बाहेर पडणारे थेंब तिथल्या तिथे अडवायला. त्यात जर व्हॉल्व्हवाला एन-९५ असेल तर सगळंच मुसळ केरात, कारण तो व्हॉल्व्ह उच्छ्वास न गाळता सरळ बाहेर सोडतो. आणि क्ष-किरणाला नेताना रुग्णाला मास्क लावून, आधी तिथे फोन करून न्यायचं. रांगेत बसवून ठेवायचं नाही.

कांजिण्यांचा रुग्ण आला की माझं पहिलं काम खोली शोधणं नसतं, ड्युटी लिस्ट बघणं असतं. तुला झाल्यात का? लस घेतलीस का? कुणाला दिवस गेलेत का? ज्यांना झालेल्या आहेत किंवा ज्यांची लस झाली आहे, त्याच आत जातात. पुष्कळांना वाटतं की कांजिण्या काय, लहानपणी सगळ्यांनाच होतात. थंड देशांत होत असत. उष्ण प्रदेशात त्या उशिरा होतात, त्यामुळे इथे पंचविशीतल्या सिस्टरला त्या झालेल्याच नाहीत असं सर्रास निघतं. आणि मोठेपणी झाल्या की त्रास जास्त. जिचा संपर्क आला आणि संरक्षण नाही, तिला आठव्या दिवसापासून एकविसाव्या दिवसापर्यंत रुग्णांपासून दूर ठेवावं लागतं. मेट्रनला हे सांगायला जाताना मी चहाची वेळ बघून जाते.

हिरव्या कार्डाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. फ्लू, घटसर्प, डांग्या खोकला, गालगुंड, मेंदूज्वराचा मेनिंगोकॉकस. थेंब मोठे, थोड्या अंतरावर पडून जातात. जवळ जाताना सर्जिकल मास्क, बेडमध्ये किमान एक मीटर अंतर, मधला पडदा ओढलेला. स्वतंत्र खोली नसली तरी निभावतं. पडदा धुवायला गेला का, एवढंच विचारत राहायचं. सगळं पुसलं जातं, पडदा मात्र राहतो.

राहिलं गुलाबी. माझा सगळा दिवस जातो तो यात.

वाळपईच्या त्या आजींना दुसऱ्या एका ठिकाणाहून आमच्याकडे पाठवलं होतं, लघवीची नळी घातलेलीच. लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, क्लेब्सिएला नावाचा जंतू निघाला, आणि त्यावर आपल्याकडची शेवटची म्हणून राखून ठेवलेली कार्बापेनेम गटातली औषधंही चालत नव्हती. आजींना त्याचा वेगळा काही ताप नव्हता. त्या खात होत्या, बोलत होत्या, नातवंडांची चौकशी करत होत्या. पण शेजारच्या बेडवर नुकतंच ऑपरेशन झालेली बाई होती, आणि तिच्यापर्यंत हा जंतू पोचला असता तर तिचं कठीण होतं. वाट कुठली? हात. नळीची पिशवी रिकामी केलेले हात, बेडचा कठडा धरलेले हात, बीपीचा पट्टा एकीचा काढून दुसरीला बांधणारे हात. म्हणून आजींना वेगळी खोली, त्यांचा वेगळा बीपीचा पट्टा, वेगळा स्टेथोस्कोप, वेगळं बेडपॅन, आणि आत जाणाऱ्याने हँडरब करून गाऊन आणि हातमोजे.

हातमोज्यांशी माझं जुनं भांडण आहे. माणसाला वाटतं की हातमोजा घातला म्हणजे हात स्वच्छ. आजींचा मुलगा, बिचारा मनापासून पाळणारा, सकाळी एक जोड घालायचा आणि दुपारपर्यंत उतरवायचा नाही. मी काचेतून बघत होते. त्याने आईची उशी नीट केली, कठडा वर केला, लघवीची पिशवी किती भरली ते हात लावून बघितलं, मग खिशातून फोन काढला, बोलला, फोन कानाला, गालाला. मग दार उघडून बाहेर आला, लिफ्टचं बटण दाबलं आणि खाली कँटीनमध्ये गेला. हातमोज्यांसकट. जंतूला याहून चांगली सोय कुणी करून दिली नसती. उघडा हात निदान चिकट झालेला जाणवतो आणि माणूस धुतो.

परत आल्यावर त्याला मी खोलीच्या दाराशी उभं करून उतरवायला शिकवलं. घालणं सोपं असतं, संसर्ग होतो तो उतरवताना. एका हाताचा मोजा मनगटाशी बाहेरून चिमटीत धरायचा आणि उलटा करत काढायचा, तो दुसऱ्या मुठीत धरायचा. मग उघडं बोट दुसऱ्या मोज्याच्या आत, कातडीच्या बाजूने सरकवायचं आणि तो पहिल्याला पोटात घेत उलटा करायचा. बाहेरच्या बाजूला उघडा हात लागता कामा नये. मग गाऊनच्या नाड्या मागून सोडायच्या, खांद्याकडून पुढे ओढायचा, आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळायचा आणि दाराच्या आतल्याच बादलीत. लगेच हँडरब, वीस ते तीस सेकंद, अंगठे आणि बोटांची टोकं सोडू नयेत, लोक नेमकं तेच सोडतात. निळ्या कार्डाच्या खोलीत एन-९५ मात्र बाहेर येऊन, दार लावून, मग मागच्या पट्ट्या धरून काढायचा. मुलगा दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमलं. नंतर तोच इंटर्नना शिकवत होता असं मला रात्रीच्या सिस्टरने सांगितलं.

हँडरबही सगळ्याला चालत नाही, हे वॉर्डात फार कमी जणांना पटतं. प्रतिजैविकांनंतर होणाऱ्या जुलाबांत एक क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल नावाचा जंतू असतो, तो बीजाणू करतो, म्हणजे टणक कवचातलं सुप्त रूप घेतो, आणि बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. तिथे साबण आणि नळाचं पाणी, ४० ते ६० सेकंद, आणि फरशी-कठडे पुसायला क्लोरिनचं द्रावण, म्हणजे आमचं हायपो. हायपो रोजचं ताजं करायचं. कालचं उरलंय म्हणून आज वापरायचं नाही. आणि त्यात वास जावा म्हणून ॲसिड तर मुळीच ओतायचं नाही, विषारी वायू होतो. आमच्या मावशी हे माझ्यापेक्षा चांगलं जाणतात. कोपऱ्यातली खोली त्या सर्वात शेवटी घेतात, मॉप वेगळा, आणि कठडा, सलाईनचा स्टँड, बेल, विजेची बटणं, दाराची मूठ या क्रमाने पुसतात. त्यांना कंत्राटदार देतो तो पगार मी इथे लिहिला तर वाचणाऱ्यांना राग येईल. अख्ख्या साखळीतली सर्वात महत्त्वाची कडी त्या आहेत.

आता ती कुरकुर. आजींना खोलीत ठेवल्यानंतर दुपारी मी डोकावले तर जेवणाचं ताट दाराजवळच्या स्टुलावर होतं, झाकलेलं, गार. पेज, डाळ, दुधीची भाजी. आजी बेडवर, कुशीवर, तिथून चार हात लांब. ताट आणणाऱ्या पोराने कार्ड बघितलं आणि स्टुलावर ठेवून सटकला. गाऊन घालून आत जायचा कंटाळा म्हणा, भीती म्हणा. राउंडला डॉक्टर दारातूनच विचारून गेले होते, "आजी, बरी आसा मगे?" उंटावरून शेळ्या हाकणं याला म्हणतात. फिजिओथेरपीवाली उद्या येते म्हणाली होती. आजींनी मला बघितलं आणि विचारलं, "सिस्टर, म्हाका वायट दुयेंस जालां गो?" म्हणजे, मला वाईट रोग झालाय का गं?

हे फक्त आमच्याकडचं नाही. स्पर्शाच्या कार्डाखाली ठेवलेल्या रुग्णांकडे डॉक्टर-नर्सेस कमी वेळा जातात, त्यांच्या नोंदी कमी होतात, पडणं, पाठीला जखमा होणं, उदास होणं हे त्यांच्यात जास्त आढळतं, असं बाहेरच्या अभ्यासांतही दिसलेलं आहे. म्हणजे शेजारच्या बेडला वाचवताना या बेडवरच्या माणसाला दुखापत करायची. आयसोलेशनला विरोध करणारे डॉक्टर हे दाखवतात, आणि मला त्यांचं म्हणणं खोडता येत नाही. म्हणून मी इतकंच करते: कार्डाखाली पेन्सिलने एक यादी लिहिते. आत जाशील तेव्हा ताट हातात दे, कूस बदल, पाणी जवळ ठेव, बेल हाताशी आहे का बघ. एकदा गाऊन चढवलास तर सगळं उरकून ये.

दुसऱ्या दिवशी आजींची सून आली, पिशवीत अबोलीचा वळेसर. दारात थबकली आणि तो परत पिशवीत ठेवू लागली. मी म्हटलं, माळ की. केस विंचर, तेल लाव, माळ. आत जाताना हात चोळ, बाहेर येताना चोळ, आणि नळीच्या पिशवीला हात लावू नकोस. ताजी फुलं चालत नाहीत ती वेगळ्या खोलीत, जिथे बोनमॅरो बदललेले, अंगात प्रतिकारशक्ती उरलेली नाही असे रुग्ण असतात. तिथे निळ्या कार्डाच्या खोलीच्या उलटी तऱ्हा, हवा आतून कॉरिडॉरकडे ढकलायची, कारण जपायचं असतं ते आतल्याला. फुलांच्या पाण्यात, मातीत बुरशी असते, ती त्यांना सोसत नाही. आजींना अबोलीने काही होणार नव्हतं, आणि आजींमुळे अबोलीचंही काही बिघडणार नव्हतं.

आणि घरी गेल्यावर काय, हे मुलाने विचारलंच. वेगळं ताट नको, वेगळी खोली नको, नातवंडांना लांब ठेवायला नको. नळी असेपर्यंत ती हाताळणाऱ्याने आधी आणि नंतर साबणाने हात धुवायचे, आणि पुढे कुठल्याही इस्पितळात जाल तेव्हा दाखल करतानाच हा रिपोर्ट दाखवायचा. शेवटचं फार महत्त्वाचं. आमच्याकडे येताना आजींच्या कागदांत तो नव्हता.

गोव्यात राहून या विषयावर लिहायचं आणि डॉमनिक डिसोझा यांचं नाव घ्यायचं नाही, हे मला जमणार नाही. पर्रा गावचे, वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडात नोकरी, नियमित रक्तदान करणारे. १९८९ मध्ये त्यांच्या रक्तात एचआयव्ही निघाला. पोलिसांनी नेलं आणि एका बंद पडलेल्या टीबी सॅनेटोरियममध्ये पहाऱ्यात ठेवलं. ६४ दिवस. तेव्हाच्या गोवा सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूद होती. आई लुसी डिसोझा हायकोर्टात गेल्या. सुटल्यावर डॉमनिकनी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली, आणि १९९२ मध्ये ते गेले. मी तेव्हा शाळेत होते. घरी पेपर वाचताना मोठी माणसं आवाज खाली आणत, ते आठवतं.

एचआयव्ही हवेतून जात नाही, हात लावल्याने जात नाही, एका ताटात जेवल्याने जात नाही. हे १९८९ मध्ये माहीत नव्हतं असं नाही. सीडीसीने १९८५ पासूनच सांगायला सुरुवात केली होती की कुणाचं रक्त बाधित आहे हे चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं, म्हणून प्रत्येकाचंच रक्त तसं समजून काळजी घ्या. १९८७ मध्ये ते सविस्तर छापलं. म्हणजे कार्ड कुणाच्याच दारावर नको, हातमोजे मात्र रक्ताशी काम असेल तिथे सगळ्यांसाठी. सुईला टोपण परत लावायचं नाही, ती सरळ पांढऱ्या डब्यात. आज मी ज्याला मूळ काळजी म्हणते ती यातूनच वाढली. तरीही माझ्या उमेदवारीच्या काळात फाइलवर लाल शाईने गोल केलेला मी पाहिला आहे, आणि ऑपरेशनच्या यादीत असा रुग्ण उगाच शेवटी ढकललेला पाहिला आहे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने भेदभावाला बंदी घातली, आणि त्याच कायद्याने कर्मचाऱ्यांना संरक्षणाची साधनं आणि प्रशिक्षण देणं संस्थेवर बंधनकारक केलं. दोन्ही एकाच कायद्यात आहेत, हे मला फार योग्य वाटतं. हातमोजे पुरेसे असले की लाल शाई लागत नाही.

असंच माकडतापाचं. सत्तरीत २०१५ मध्ये तो दिसू लागला, काजूच्या बागांत राबणाऱ्या माणसांना. तो होतो गोचिडीमुळे, माणसापासून माणसाला जात नाही. तरी रुग्ण दाखल झाला की शेजारच्या बेडवाले खोली बदलून मागायचे. लेप्टोचंही तसंच, तो उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून, चिखलातून येतो. डेंग्यूच्या रुग्णाला वेगळी खोली नको, मच्छरदाणी हवी. कुष्ठरोगाला तर गोव्यात सासष्टीतल्या माकाझानला वेगळं इस्पितळच होतं. आज बहुविध औषधोपचार सुरू झाला की रुग्णाकडून लागण होण्याची भीती लवकर संपते, आणि आमच्या यादीत त्याच्या नावापुढे कुठलंच कार्ड नाही.

तेव्हा कार्ड न लावणं हेही माझंच काम. आणि लावलेलं काढणंही. मेनिंगोकॉकसचं कार्ड योग्य औषध सुरू झाल्यापासून २४ तासांनी निघतं. गोवराचं पुरळ उठल्यानंतर चार दिवसांनी, रुग्णाची प्रतिकारशक्ती धड असेल तर. कांजिण्यांचं सगळ्या फोडांवर खपल्या धरल्या की. चवथीच्या आदल्या दिवशी कुणी कितीही गळ घातली तरी एक जरी ओला फोड दिसला तर नाही. टीबीचं, औषधं लागू पडली आणि थुंकीची तपासणी निगेटिव्ह आली की. आजींसारख्यांचं मात्र आमच्याकडे डिस्चार्जपर्यंत राहतं.

लावायला सगळे तत्पर असतात. काढायला कुणी धजत नाही, कारण लावल्याबद्दल कुणाला जाब विचारला जात नाही. मागच्या महिन्यात एका मुलाचं हिरवं कार्ड मुदत संपून चौथा दिवस उजाडला तरी तसंच होतं. त्याचे वडील तेवढे दिवस दाराबाहेरच्या बाकावर बसून काचेतून त्याला खुणा करत होते, आत गेलं तरी चालेल हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून मी हँडओव्हरच्या रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवून मागितला आहे: 'कार्ड कधी काढायचं'. तारीख आणि वेळ, कार्ड लावतानाच लिहायची. मेट्रन म्हणाल्या की रजिस्टर छापील येतं, रकाना वाढवायला वरून मंजुरी लागेल. तोपर्यंत मी पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसते आणि शेवटच्या 'शेरा' रकान्याचे दोन भाग करते. तीन वॉर्डांची रजिस्टरं झाली आहेत. मेल सर्जिकलच्या इनचार्ज सिस्टरने मात्र आपलं देणार नाही म्हणून ठणकावून सांगितलंय, तिच्याकडे शेरे फार असतात.